सोलापूरच्या उन्हात इल्फर्ड एचपी५ प्लस : चौदा रोलनंतरचे मत

इल्फर्ड एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म छायाचित्रकाराच्या चुका पोटात घालते, असे तिच्याविषयी नेहमी सांगितले जाते. ते बहुतांशी खरे आहे. मात्र सोलापुरात वर्षभर ती वापरल्यानंतर मला तिचा दुसराच गुण अधिक मोलाचा वाटतो, आणि तो म्हणजे तिचा मवाळपणा. ज्या गावात मार्च उजाडला की सकाळी नऊलाच चुन्याच्या भिंती डोळ्यांत खुपू लागतात आणि त्याच भिंतीला टेकून सावलीत बसलेल्या माणसाचा चेहरा दहा पावलांवरून ओळखू येत नाही, तेथे भडक कॉन्ट्रास्टची फिल्म घातली तर कागदावर केवळ पांढरा आणि काळा एवढेच उरते. एचपी५ प्लस त्या दोहोंमधल्या राखाडी छटा सांभाळून ठेवते. आभाळ सतत भरलेले असते अशा मुलखातील लोक याच गुणाला मिळमिळीतपणा म्हणून नावे ठेवतात, आणि त्यांच्या उजेडात त्यांचे खरेही असेल. आमच्याकडे ऊनच इतके तिखट आहे की त्यात आणखी तिखट घालण्याची गरज नाही.

गेल्या वर्षीच्या गड्डा यात्रेपासून, म्हणजे जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेपासून, यंदाच्या यात्रेपर्यंत मी या फिल्मचे छत्तीस चित्रांचे चौदा रोल वापरले. सारे स्वतःच्या पैशांनी विकत घेतले. कॅमेरा पेंटॅक्स के१००० हा जुना, संपूर्ण यांत्रिक कॅमेरा आहे. त्यातील बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी लागते, आणि मीटरला वेगळे बटण नसल्यामुळे लेन्सवर टोपण घातले नाही तर ती बॅटरी उगाच झिजत राहते. भिंग पन्नास मिलिमीटरचे एकच आहे. त्याशिवाय पिवळा, लाल आणि हिरवा असे तीन फिल्टर आहेत. हे साहित्य सांगण्याचे कारण इतकेच की पुढे जे लिहिले आहे ते या मर्यादेत तपासलेले आहे. महागड्या भिंगांचे आणि मोठ्या डार्करूमचे अनुभव माझ्याकडे नाहीत.

फिल्मची ओळख थोडक्यात करून देते. इंग्लंडमधील चेशायर परगण्यात मॉबर्ली येथे हार्मन टेक्नॉलॉजी ही कंपनी इल्फर्ड या नावाने ती तयार करते. एचपी ही अक्षरे ‘हायपरसेन्सिटिव्ह पॅनक्रोमॅटिक’ या जुन्या नावातून आली. एचपी५ १९७६ मध्ये आली आणि तिची सुधारित आवृत्ती असलेली एचपी५ प्लस १९८९ मध्ये. तिची संवेदनशीलता आयएसओ ४०० आहे; हा आकडा जितका मोठा तितका कमी उजेड फिल्मला पुरतो. पॅनक्रोमॅटिक म्हणजे दृश्य प्रकाशातील सर्व रंगांना प्रतिसाद देणारी. हा शब्द कोरडा वाटतो, परंतु कृष्णधवल चित्र चांगले का येते किंवा का फसते याचे अर्धे उत्तर त्यातच आहे. ज्यांच्या घरी वडिलांच्या काळातील निगेटिव्ह असतील त्यांना उटकमंडच्या सरकारी कारखान्यात तयार होणारी ‘इंदू’ फिल्म आठवत असेल. आता आपल्याला परदेशी फिल्मवाचून गत्यंतर नाही, आणि त्याचा हिशेब खिशाला द्यावा लागतो, त्याविषयी पुढे.

पहिला रोल मी सिद्धेश्वर यात्रेत वापरला आणि तो जवळजवळ वाया घालवला. नंदीध्वज पेलणारे मानकरी पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात, सभोवती गर्दीचे गडद कपडे आणि वर जानेवारीचे स्वच्छ ऊन. मी कॅमेऱ्याच्या मीटरवर विश्वास ठेवून सुई मध्यावर आणली आणि चित्रे घेत गेले. मीटरला पांढरे कापड आणि काळा दगड यांतला फरक कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरूनच तो हिशेब करतो. चौकट बाराबंद्यांनी भरली तेव्हा त्याला वाटले की उजेड फार आहे, आणि त्याने मला एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडू द्यायचा प्रकाश, कमी करायला लावले. परिणाम असा झाला की बाराबंदी मळकट राखाडी उतरली आणि माणसांचे चेहरे निगेटिव्हवर इतके पातळ आले की त्यांतून काही काढता येईना. चुका पोटात घालणारी म्हणून प्रसिद्ध असलेल्या फिल्मने ही चूक मात्र पोटात घातली नाही.

याच ठिकाणी या फिल्मविषयीची एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. तिची सहनशीलता एकतर्फी आहे. एक्स्पोजर गरजेपेक्षा एक किंवा दोन स्टॉप जास्त झाले (एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे) तर निगेटिव्ह दाट होते, फिल्मचे कण थोडे ठळक होतात, परंतु तपशील शाबूत राहतो आणि छापताना तो परत आणता येतो. एक्स्पोजर कमी पडले तर सावलीतल्या भागावर प्रकाशाची नोंदच होत नाही, आणि जे नोंदलेच गेले नाही ते कोणतेही रसायन किंवा संगणक निर्माण करू शकत नाही. त्याउलट उदाहरण भुईकोट किल्ल्याचे. तेथील काळ्या दगडाच्या तटावर मीटर धरला की तो एक्स्पोजर वाढवायला सांगतो, दगड राखाडी करू पाहतो. पण तेथे मीटरचे ऐकले तरी फारसे बिघडत नाही, कारण चूक जास्तीच्या बाजूची आहे आणि छापताना दगड पुन्हा काळा करता येतो. पांढऱ्यावर फसलेला मीटर जास्त घातक, काळ्यावर फसलेला कमी घातक, हे सूत्र लक्षात ठेवल्यापासून माझे वाया जाणारे फोटो निम्म्यावर आले.

यंदाच्या यात्रेत मी मीटर माणसांवर रोखलाच नाही. ज्या उन्हात मानकरी उभे होते त्याच उन्हात स्वतःचा तळहात धरून त्यावरून वाचन घेतले आणि अपर्चर, म्हणजे भिंगातले प्रकाशाचे छिद्र, एक स्टॉप उघडले. तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एका स्टॉपने उजळ असतो, म्हणून ही वाढ. एकदा वाचन घेतले की ऊन बदलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अक्षता सोहळ्याच्या गर्दीत, जेथे खांद्याला खांदा लागलेला असतो आणि कॅमेरा डोक्यावर धरावा लागतो, तेथे ही रीत मीटरशी झटापट करण्यापेक्षा कितीतरी खात्रीची ठरली. बाराबंदी पांढरी आली, तिच्या चुण्या दिसल्या, आणि उन्हाकडे पाठ असलेल्या चेहऱ्यांवरही डोळे दिसले.

डब्यावर ४०० लिहिलेले असले तरी उन्हाळ्यातील दुपारी मी ती २०० समजून वापरते, म्हणजे एक स्टॉप जास्त देते, आणि धुताना डेव्हलपरमधील (चित्र उमटवणाऱ्या रसायनातील) वेळ सुमारे वीस टक्क्यांनी कमी करते. जास्त एक्स्पोजरमुळे सावल्या भरतात, कमी धुण्यामुळे उन्हाचे भाग जळून जात नाहीत. ही युक्ती माझी नाही. सावलीसाठी एक्स्पोजर द्यावे आणि उजेडाच्या हिशेबाने धुवावे, हे तत्त्व फार जुने आहे, आणि अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास त्याचीच शिस्तबद्ध मांडणी ‘झोन सिस्टीम’ या नावाने केली. त्या पद्धतीत प्रत्येक चित्र वेगळे धुण्याची सोय मोठ्या सुट्या शीट फिल्मवर असते. छत्तीस चित्रांच्या रोलवर ती नाही. म्हणून मी एक संपूर्ण रोल उन्हासाठी ठेवते आणि ढगाळ दिवसांसाठी दुसरा. जून-जुलैमध्ये आभाळ भरले की तीच फिल्म ४०० वर आणि पूर्ण वेळ धुऊनही जरा निस्तेज येते, हे मान्य केले पाहिजे. पावसाळ्यातील दोन रोलांपैकी एकही मला मनापासून आवडलेला नाही.

आता फिल्टरकडे वळते, कारण कृष्णधवल छायाचित्र सुधारण्याच्या दृष्टीने वर्षभरात मला सर्वांत जास्त शिकवले ते सोलापुरी चादरीने. गच्चीवर दोरीवर वाळत घातलेली चादर, लाल जमिनीवर हिरवी वेलबुट्टी, सकाळचे कोवळे ऊन; डोळ्यांना इतके सुरेख दिसत होते की मी विचार न करता तीन चित्रे घेतली. रोल धुतल्यावर पाहते तर वेलबुट्टी गायब. लाल आणि हिरवा हे रंग म्हणून एकमेकांच्या विरुद्ध असले तरी त्या चादरीतले त्यांचे उजळपण जवळजवळ सारखे होते, आणि पॅनक्रोमॅटिक फिल्मला रंग कळत नाही, उजळपण कळते. दोन्ही धाग्यांचा एकच राखाडी झाला आणि चादरीऐवजी गोणपाट टांगल्यासारखे दिसू लागले.

मग तीच चादर, तीच वेळ, तोच कॅमेरा ठेवून चार चित्रे घेतली: फिल्टरविना, पिवळ्यातून, लालमधून आणि हिरव्यातून. पिवळ्याने फारसा फरक पडला नाही. लाल फिल्टरने लाल जमीन जवळजवळ पांढरी आणि वेलबुट्टी काळी झाली. हिरव्याने नेमके उलट केले, आणि गर्द जमिनीवर उजळ वेल उमटली. फिल्टर आपल्या रंगाला उजळ करतो आणि विरुद्ध रंगाला गडद करतो, हा नियम पुस्तकात वाचून मला पाठ होता. पण चार चित्रे शेजारी ठेवून पाहीपर्यंत तो समजला नव्हता. प्रत्यक्ष चादरीच्या सर्वांत जवळचे चित्र हिरव्या फिल्टरचे वाटते, कारण आपल्या मनात लाल हा रंग ‘गडद’ म्हणून बसलेला आहे. ज्याच्या घरी दोन रंगांची चादर आहे, आणि सोलापुरात ती कोणाच्या घरी नसेल, त्याने हा प्रयोग एकदा अवश्य करावा. त्यासाठी फिल्मच हवी असेही नाही. मोबाइलमध्ये मोनो सेटिंग लावून चादर पाहिली तरी दोन्ही धागे एकमेकांत कसे विरघळतात ते दिसते. मी आता चित्र घेण्याआधी बऱ्याचदा मोबाइलवर असा कृष्णधवल अंदाज घेते.

डिजिटल कॅमेऱ्यात हे सारे नंतर निवांत बसून करता येते. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलमध्ये, तिन्ही रंगांची माहिती असते, त्यामुळे संगणकावर लाल उजळ करायचा की हिरवा, हे चित्र घेतल्यानंतर ठरवता येते. त्यात काही कमीपणा नाही, उलट या एका बाबतीत डिजिटल फिल्मच्या सरळसरळ पुढे आहे. फक्त कॅमेऱ्यातच कृष्णधवल केलेली जेपेग ठेवून रंगीत मूळ टाकून देऊ नये, कारण मग ती सोय हातची जाते. फिल्मवर निर्णय आधी घ्यावा लागतो आणि तो फिरवता येत नाही. मला ती सक्ती मानवली, प्रत्येकाला मानवेलच असे नाही.

फिल्टरची किंमत एक्स्पोजरमध्ये मोजावी लागते. पिवळ्यासाठी साधारण एक स्टॉप, गर्द लालसाठी तीन स्टॉप वाढवावे लागतात. माझ्या कॅमेऱ्याचा मीटर लाल फिल्टरमागे फसतो, म्हणून फिल्टर काढून वाचन घ्यायचे आणि मग स्टॉप मोजून वाढवायचे, हे अधिक सुरक्षित. भर उन्हात ४०० च्या फिल्मला एफ/१६ वर (एफचा आकडा मोठा तितके अपर्चर लहान) १/५०० सेकंद लागतो आणि के१००० चा सर्वांत वेगवान शटर १/१००० चा आहे. म्हणजे दुपारी एफ/११ पेक्षा अपर्चर उघडताच येत नाही आणि मागची गर्दी धूसर करण्याची सोय राहत नाही. लाल फिल्टर लावला की तीन स्टॉप खर्ची पडतात आणि एफ/४ पर्यंत येता येते. हा त्याचा आडून मिळणारा फायदा. तोटा असा की भिंगातून सारे जग लालभडक दिसते आणि फोकस करताना डोळे शिणतात.

आकाशासाठी लाल फिल्टर घ्यावा, हा सल्ला सर्वत्र दिला जातो. सोलापुरात तो ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात उपयोगी आहे. कंबर तलावावर नोव्हेंबरच्या सकाळी पिवळ्या फिल्टरनेही निळे आकाश पुरेसे गडद होऊन ढगांच्या कडा उठून दिसल्या. लाल लावला तेव्हा तेच आकाश वादळ येऊ घातल्यासारखे काळे झाले, जे खोटे वाटते. एप्रिल-मेमध्ये मात्र आकाश निळे नसतेच. धुळीने आणि उष्म्याने ते पांढुरके असते, आणि पांढऱ्यामध्ये सर्वच रंग जवळजवळ सारखे असल्यामुळे कोणताही फिल्टर त्याला बाकीच्या चित्राच्या मानाने फारसे गडद करू शकत नाही. त्या महिन्यांत आकाश चौकटीबाहेर ठेवणे हाच उपाय. इंद्रभुवनसारख्या नक्षीदार इमारतीसमोर उभे राहिले की हा मोह आवरणे कठीण जाते, पण मेमधल्या माझ्या तिथल्या चित्रांत कळसांमागे नुसता कोरा कागद आहे.

माणसांच्या चेहऱ्यांवर लाल फिल्टर कधीही वापरू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत लालसर अंश भरपूर असतो; तो फिल्टर त्वचेला खडूसारखी करतो, ओठ फिके पाडतो आणि उन्हाने रापलेल्या चेहऱ्याचा सारा इतिहास पुसून टाकतो. हलका पिवळा चालतो. बहुतेक वेळा काहीच न लावणे उत्तम.

यंत्रमागाच्या कारखान्यात मालकांची आणि कामगारांची परवानगी घेऊन मी दोन दुपारी काढल्या. तेथे उजेड म्हणजे वरच्या ट्यूबलाइट आणि दारातून येणारा एक पट्टा. फिल्म १६०० समजून वापरली आणि आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंश सेल्सिअसला चौदा मिनिटे धुतली; ४०० साठी हीच वेळ साडेसात मिनिटे आहे. अशा ‘पुश’ करण्याने सावलीतला तपशील वाढतो, असा एक गैरसमज आहे. तो वाढत नाही. मधले आणि उजळ भाग तेवढे वर उचलले जातात, कॉन्ट्रास्ट चढतो आणि कण दाणेदार होतात. दारातल्या उजेडाचा पट्टा ज्या चित्रांत मागावर पडलेला होता ती उत्तम आली: ताण्याचे सूत एकेक मोजता येते आणि १/६० सेकंदात धोट्याची एक पुसट रेघ उमटली आहे. कोपऱ्यातल्या अंधारात काढलेली चित्रे अंधारातच राहिली. तरीही या फिल्मवर १६०० ला ज्या प्रतीची चित्रे मिळाली, त्यावर माझी काही तक्रार नाही. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या त्या हवेला दाणेदारपणा शोभूनच दिसला.

दुसरा रोल मी परगावच्या एका लॅबकडे धुण्यासाठी पाठवला होता. तो दीड महिन्याने परत आला आणि त्याच्या लांबीवर एक सलग ओरखडा होता. तेव्हापासून घरीच धुते, आणि ज्याला कृष्णधवल गंभीरपणे करायचे आहे त्याने घरीच धुवावे, असे म्हणते. रंगीत फिल्मपेक्षा हे काम पुष्कळ सोपे आहे. अंधार फक्त फिल्म धुण्याच्या लहान बंद टाकीत भरेपर्यंत लागतो. पुढचे सारे उजेडात होते. परंतु धुण्याच्या वेळांचे सर्व तक्ते २० अंशांचा हिशेब धरून केलेले असतात, आणि सोलापुरात मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतले पाणी माझ्या थर्मामीटरवर ३६ अंश दाखवते.

त्यावर तोडगा काढता काढता उन्हाळा गेला. तापमान वाढले की वेळ कमी करावी लागते. साडेसात मिनिटांचे काम २४ अंशांना सव्वापाच मिनिटांत होते. पाच मिनिटांहून कमी वेळ ठेवला तर फिल्म सर्वत्र सारखी धुतली जात नाही आणि डाग पडण्याचा धोका असतो. म्हणून मी आयडी-११ मध्ये निम्मे पाणी घालते. या एकास एक मिश्रणाला २० अंशांवर तेरा मिनिटे लागतात, २४ अंशांवर सुमारे नऊ. म्हणजे हाताशी वेळ उरतो. पाणी माठातले घेते. सोलापूरची हवा कोरडी असल्यामुळे माठ आपले काम चोख करतो, आणि रात्रभर ठेवलेले पाणी पहाटे २५ अंशांपर्यंत उतरलेले असते. उरलेला एक अंश बर्फाची बाटली टाकलेल्या घमेल्यात टाकी उभी करून उतरवते. डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्के करणारे रसायन) आणि धुण्याचे पाणी या सर्वांचे तापमान जवळपास सारखे ठेवावे लागते, नाहीतर गार द्रावणातून एकदम गरम पाण्यात गेलेल्या फिल्मच्या थराला बारीक सुरकुत्या पडू शकतात. सारे काम पहाटे साडेपाचला करते. दुपारी चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे अंधारात फिल्म भरण्याच्या काळ्या पिशवीत, हात घातले की दोन मिनिटांत घाम सुटतो, दमट झालेली फिल्म टाकीतल्या स्पायरल चक्रीवर अडकते आणि जोर केला की तिला चंद्रकोरीसारख्या घड्या पडतात. त्या घड्या निगेटिव्हवर कायमच्या राहतात. माझ्या पाचव्या रोलवर अशा सात आहेत.

पाण्याचा प्रश्न आणखी एका अंगाने येतो. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते तेथे वाहत्या धारेखाली अर्धा तास फिल्म धरण्याची कल्पनाही करवत नाही. इल्फर्डनेच सुचवलेली काटकसरीची पद्धत येथे देवासारखी धावून येते: रॅपिड फिक्सरनंतर टाकीत पाणी भरून ती पाच वेळा उलटीपालटी करायची, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. पस्तीस मिलिमीटरच्या एका रोलला टाकीत तीनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे तीन भरण्यांत एक लिटरही खर्च होत नाही. मी मनाच्या समाधानासाठी चौथी भरणी करते. बोअरचे पाणी मात्र शेवटच्या भरणीला वापरू नये. त्यातील क्षार वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे ठिपके सोडतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी थेंब न धरता निथळावे म्हणून घालायच्या द्रावाचे, दोन थेंब, एवढ्याने माझे ठिपके गेले. वाळत घालण्यासाठी न्हाणीघरासारखी जागा नाही, कारण तेथे धूळ कमी असते.

साठवणुकीची काळजीही घ्यावी लागते. फिल्म थंड जागी ठेवावी, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात थंड जागा म्हणजे फ्रिज. शेंगा चटणीच्या डब्यामागे मी रोल ठेवते. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ‘हे कुणाचं औषध गं?’ असे विचारले होते; आता त्या चटणी काढताना रोल जपून बाजूला सारतात. फ्रिजमधून काढलेला रोल लगेच डबीतून बाहेर काढला तर त्यावर दव धरते, म्हणून दोन तास आधी बाहेर काढून ठेवणे आवश्यक आहे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कॅमेरा ठेवणे तर सर्वस्वी टाळावे.

खर्चाचे बोलायचे तर सोलापुरात मी ज्या दुकानांत विचारले तेथे ही फिल्म मिळाली नाही. ऑनलाइन मागवली आणि एका रोलला हजार रुपयांच्या आसपास मोजले. म्हणजे शटर एकदा दाबला की साधारण अठ्ठावीस रुपये, धुण्याची रसायने वेगळी. एक लिटर आयडी-११ मधून एकास एक पद्धतीने माझे सहा रोल होतात. हौस म्हणून हे परवडते की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्यांना घरी धुणे शक्य नाही त्यांच्यासाठी त्याच कंपनीची एक्सपी२ सुपर ही कृष्णधवल फिल्म आहे, जी रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेने, म्हणजे रंगीत फिल्म धुणाऱ्या लॅबमध्येही, धुतली जाते. शिकण्याच्या काळात चुका भरपूर होणार असतील तर हार्मनचीच केंटमिअर ४०० ही तुलनेने स्वस्त आहे. ट्रायपॉडवर सावकाश इमारती टिपणाऱ्यांनी १२५ ची एफपी४ प्लस घ्यावी. तिचे कण अधिक बारीक असतात.

परंतु ज्याला एकाच फिल्मवर सकाळची पेठ, दुपारचा तलाव आणि संध्याकाळचा माग टिपायचा आहे, त्याला मी एचपी५ प्लसच सुचवीन, आणि सोबत पहिली खरेदी पिवळ्या फिल्टरची करायला सांगेन. लाल फिल्टर माझ्या पिशवीत असतो, पण वर्षभरात तो चादरीखेरीज पाच-सहा चित्रांनाच कामी आला. पंधरावा रोल सध्या कॅमेऱ्यात आहे. त्यातली बावीस चित्रे झाली आहेत, आणि उरलेली चौदा मार्चचे ऊन तापण्याआधी, लक्ष्मी मंडईतल्या सकाळच्या उजेडात संपवायची असे ठरवले आहे.